घरातून निघालेली रानवाट

मारुती चितमपल्ली यांचं १८ जून २०२५ रोजी सोलापुरात निधन झालं, तेव्हा महाराष्ट्राने त्यांना 'अरण्यऋषी' म्हणूनच निरोप दिला. त्याच वर्षी त्यांना पद्मश्री जाहीर झाली होती आणि ते ९२ वर्षांचे होते. हे बिरुद लोकांनी प्रेमाने दिलेलं आहे, ते काढून घ्यावं असं कुणालाही वाटणार नाही. पण त्यातून जे चित्र मनात उमटतं, ते त्यांच्या आयुष्याच्या हकिकतीशी फारसं जुळत नाही. ऋषी म्हटलं की घरदार सोडून वनात गेलेला, माणसांपासून दूर झाडाखाली बसलेला एकांतवासी पुरुष डोळ्यांसमोर येतो. चितमपल्ली वनात गेले ते वनखात्याच्या नोकरीत. ते गेले सोलापूरच्या दाट वस्तीतून. ज्या विद्येच्या बळावर गेले, तिचा पहिला धडा त्यांना आई आणि मामा यांनी दिला होता. माझं म्हणणं असं आहे की त्यांचं अरण्यज्ञान मुळात घरगुती ज्ञान होतं. घरातल्या वडीलधाऱ्यांकडून ऐकून शिकायचं, सांगणाऱ्याचा मान राखायचा आणि ऐकलेलं पुढच्या पिढीसाठी जपून ठेवायचं, ही त्यांची रीत होती. हीच रीत घेऊन ते खात्यात शिरले, म्हणून तीस-बत्तीस वर्षांच्या सरकारी नोकरीतून मराठीला एवढं मोठं संचित मिळालं. तो काळ वनखात्याच्या इतिहासात मोठ्या उलथापालथीचा होता. त्यामुळे एका माणसाची ही हकिकत एका कालखंडाचीही आहे.

त्यांचा जन्म ५ नोव्हेंबर १९३२ रोजी सोलापुरात झाला. त्या सोलापूरचं चित्र आधी नीट समोर आणलं पाहिजे. अडीच वर्षांपूर्वी, मे १९३० मध्ये, या शहरावर ब्रिटिशांनी मार्शल लॉ पुकारला होता. १२ जानेवारी १९३१ रोजी मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, जगन्नाथ शिंदे आणि श्रीकिसन सारडा यांना फाशी दिली गेली. ही चार नावं शेजारी शेजारी वाचली तरी त्या शहराची वस्ती कळते: लिंगायत, मुसलमान, मराठा, मारवाडी. १८७७ साली सुरू झालेल्या जुन्या गिरणीपासून पुढच्या पन्नास वर्षांत इथे गिरण्यांची रांग उभी राहिली. तेलंगणातून पद्मशाली विणकरांची कुटुंबं मागांसह आली आणि शहराचा पूर्व भाग त्यांनी वसवला. एका गल्लीत तेलुगू, दुसरीत कन्नड, तिसरीत दखनी उर्दू आणि चौकात मराठी, असा हा गाव. चितमपल्लींच्या घरची भाषा तेलुगूच. पाऊस वर्षाकाठी सरासरी ५५० मिलिमीटरच्या आसपास, तोही बेभरवशाचा. साग नाही, बांबू नाही, घनदाट म्हणावं असं काहीच नाही. जिल्ह्याच्या नकाशावर हिरवा रंग शोधावा लागतो.

तरी सोलापूर रानाला पारखं होतं असं म्हणता येणार नाही. शहराच्या वेशीबाहेर पाऊल टाकलं की माळरान लागतं आणि माळरानाचं स्वतःचं जीवन असतं: काळवीट, लांडगा, खोकड, चंडोल, तितर. नान्नजच्या माळावरचा माळढोक सोलापूरचे बी. एस. कुलकर्णी यांनी १९७२ मध्ये जगाच्या नजरेला आणून दिला. १९७९ साली माळढोक अभयारण्य जाहीर झालं. कागदावर त्याचं क्षेत्र साडेआठ हजार चौरस किलोमीटरच्या घरात होतं, पुढे ते बाराशेच्या आसपास आलं. पाण्याचंही तसंच. १८७१ साली बांधलेला एकरूखचा, म्हणजे लोकांच्या बोलण्यातला हिप्परग्याचा तलाव आणि गावातला सिद्धेश्वर तलाव यांवर हिवाळ्यात पाहुणे पक्षी उतरतात. झाडं कमी असलेल्या मुलखात पक्षी दिसतोही लवकर आणि लक्षातही राहतो. आणखी एका वाटेने रान या शहरात येत होतं. विसाव्या शतकात सोलापुरात विडीचा धंदा वाढला आणि तेंदूच्या पानांचे पुडे दूरच्या जंगलांतून पूर्व भागातल्या घराघरांत येऊ लागले. पान भिजवायचं, पत्र्याचा तुकडा त्यावर ठेवून कात्रीने बेताचं कापायचं, चिमूटभर जर्दा घालून वळायचं, टोकं मुडपायची आणि दोरा बांधायचा. हजारो बायांचे हात दिवसभर हेच करत. त्या पानाचं मूळ झाड भंडारा-गोंदियाच्या रानातलं असू शकतं, हे त्या घरांतल्या पोरांना कुणी सांगितलं नसेल. पण पुढे याच पूर्व विदर्भाच्या जंगलात सोलापूरचा एक मुलगा अधिकारी म्हणून गेला. ही दोन ठिकाणं व्यापाराने आधीच जोडलेली होती.

चितमपल्लींनी आपल्या लेखनात आणि मुलाखतींत पुन्हा पुन्हा एक गोष्ट सांगितली: झाडांची, पाखरांची पहिली ओळख आईने करून दिली आणि रानात कसं वावरायचं हे मामाकडून कळलं. कुणी म्हणेल, हे कृतज्ञतेपोटी बोलतात सगळेच. पण या कबुलीकडे पुरावा म्हणून पाहायला हवं. विद्वत्तेचा इतिहास लिहिताना आपण विद्यापीठं, ग्रंथ आणि गुरू यांची नोंद घेतो, आई आणि मामा तळटिपेतही येत नाहीत. पक्षिशास्त्रातलं भारतातलं सर्वांत मोठं नाव घ्या. सालिम अली यांचा जन्म १२ नोव्हेंबर १८९६चा. लहानपणीच ते पोरके झाले आणि मुंबईत मामा अमिरुद्दीन तय्यबजी यांच्या घरी वाढले. छऱ्याच्या बंदुकीने पाडलेली ती पिवळ्या गळ्याची चिमणी घेऊन ते बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटीच्या दारात पोचले, तेही मामांच्या ओळखीमुळे. पुढे त्यांच्या पाहणी-मोहिमांत पत्नी तेहमिना बरोबर असत, १९३९ मध्ये त्यांचं निधन होईपर्यंत. सालिम अलींची पहिली मोठी प्रादेशिक पाहणी हैदराबाद संस्थानची, १९३१-३२ची. संस्थानची हद्द सोलापूरला अगदी खेटून होती. म्हणजे सोलापूरच्या एका तेलुगू घरात हे मूल जन्माला येत होतं, त्याच सुमारास शेजारच्या मुलखात हे जोडपं पक्षी नोंदवत हिंडत होतं. योगायोगाला मी फार किंमत देत नाही. पण ज्याला आपण एकट्याची तपश्चर्या समजतो, ते काम बहुतेक वेळा एका कुटुंबाचं असतं, हे या दोन्ही उदाहरणांत सारखंच दिसतं.

सोलापुरात टी. एम. पोरे शाळा, नॉर्थकोट हायस्कूल आणि दयानंद कॉलेज असं शिक्षण झाल्यावर चितमपल्ली कोइमतूरला गेले. १९५८ ते १९६० या काळात तिथल्या सदर्न फॉरेस्ट रेंजर्स कॉलेजात त्यांनी प्रशिक्षण घेतलं. तिथे काय शिकवत हे समजून घेतलं तर पुढचं सगळं नीट उलगडतं. रेंजर तयार करायचा म्हणजे लाकडाचं उत्पन्न नीट चालवणारा माणूस तयार करायचा. जंगलाची मोजणी, हद्दीचे बुरूज, रस्ते आणि डेपो, कोणत्या कूपमध्ये कोणत्या वर्षी तोड करायची याची कार्य आयोजना, तोडीच्या झाडावर हातोड्याने मारायची खूण, उभ्या झाडाच्या घेरावरून लाकूड किती निघेल याचा हिशेब. १८७८ च्या आणि नंतर १९२७ च्या वन कायद्याने घडवलेलं हे शास्त्र होतं. त्यात साग ही मालमत्ता, मोह-हर्रा-तेंदू हे गौण उत्पन्न आणि वाघ, रानडुक्कर, ससा हे शिकारीचा परवाना देण्याचे विषय. पक्ष्यांना तर खात्याच्या दप्तरात फारशी जागा नव्हती. १९५२ च्या राष्ट्रीय वन धोरणाने देशाचा एक तृतीयांश भाग वनाखाली असावा असं म्हटलं खरं, पण रेल्वेला स्लीपर हवे होते, कारखान्यांना बांबू हवा होता आणि शेतीला जमीन. ढेबेवाडी, वडगाव मावळ अशा जागी नोकरी सुरू केलेल्या तरुण रेंजरने या चौकटीत राहून पगार घेतला. ही गोष्ट झाकून ठेवली तर त्याच्या पुढच्या कामाचं मोलही कळत नाही. झाडावर तोडीचा हातोडा पडण्याआधी त्या झाडावर घरटं आहे का हे पाहण्याची खात्यात कुणावर सक्ती नव्हती. ते पाहणारा माणूस खात्याबाहेरच्या कुठल्यातरी शाळेत शिकलेला असणार, आणि ती शाळा सोलापूरच्या घरात होती.

मग चौकट हलली. १९५६ साली विदर्भ मुंबई राज्यात आला आणि १ मे १९६० रोजी महाराष्ट्र झाला. या राजकीय घटनेचा एक परिणाम आपण क्वचितच लक्षात घेतो: पश्चिम महाराष्ट्रातल्या वनाधिकाऱ्याची बदली आता भंडाऱ्याला, चांद्याला, मेळघाटात होऊ लागली. पुण्या-मुंबईच्या मराठी वाचकाला सह्याद्रीचं रान ऐकून-वाचून ठाऊक होतं. वैनगंगेच्या खोऱ्यातली जंगलं त्याच्यासाठी जवळजवळ परदेश होती. १९६८ मध्ये कर्नाळा पक्षी अभयारण्य झालं, १९७० मध्ये नागझिरा. १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा आला आणि शिकारीच्या परवान्यांचा जमाना संपत गेला. १९७३ साली व्याघ्र प्रकल्प सुरू झाला, पहिल्या नऊ क्षेत्रांत मेळघाट होतं. १९७५ मध्ये नवेगावचं राष्ट्रीय उद्यान झालं. १९८० च्या वन संवर्धन कायद्याने जंगलाची जमीन दुसऱ्या कामाला देण्यावर केंद्राचा अंकुश आला. अवघ्या बारा-तेरा वर्षांत, तोडीचं उत्पन्न मोजणाऱ्या त्याच खात्याला, त्याच माणसांना, त्याच खाकीत सांगण्यात आलं की आता राखायचं. कर्नाळा, नवेगाव, नागझिरा आणि मेळघाट या चारही ठिकाणच्या घडणीत चितमपल्लींचा वाटा आहे. कायदा बदलला म्हणून खातं एका रात्रीत बदलत नाही. वाघ कुठे पाणी पितो, सारस कुठे अंडी घालतो, कोणता नाला उन्हाळ्यातही आटत नाही, ही माहिती दप्तरात नव्हतीच. ती होती नाकेदाराकडे, गुराख्याकडे, ढिवराकडे. त्यांच्यापाशी जाऊन, बरोबरीने बसून ती मिळवणारे अधिकारी त्या पिढीत फार थोडे होते.

नवेगावबांध या एका जागी थोडं थांबायला हवं, कारण तिथे या माणसाची रीत सगळ्यात स्पष्ट दिसते. नवेगावचा तलाव निसर्गाने दिलेला नाही. अठराव्या शतकाच्या सुरुवातीला कोलू पाटील कोहळी यांनी तो बांधवला असं मानलं जातं. कोहळी ही पूर्व विदर्भातली तलाव बांधणारी जमात. डोंगरांच्या मधली खिंड हेरायची, तिथे मातीची पाळ घालायची आणि पावसाचं पाणी अडवून खाली धान पिकवायचा, हे त्यांचं पिढीजात कसब. सुमारे अकरा चौरस किलोमीटरचा हा जलाशय मूळचा शेतीसाठी झाला. त्याच्या उथळ काठांवर पाणवनस्पती वाढल्या, पाठोपाठ बदकं आली, बगळे आले, उत्तरेकडून हिवाळी थवे येऊ लागले. म्हणजे राष्ट्रीय उद्यानाच्या मध्यभागी जे आहे ते माणसाच्या हाताचं काम आहे आणि पक्ष्यांचं वैभव त्या कामावर वसलेलं आहे. चितमपल्लींना इथे भेटले माधवराव पाटील डोंगरवार. तलावाच्या काठी आयुष्य गेलेला, पाण्यातली वनस्पती न् वनस्पती आणि काठावरचा पक्षी न् पक्षी ओळखणारा हा कोहळी पाटील. त्यांच्याकडे शास्त्राची पदवी नव्हती. अधिकारी आणि गावचा पाटील यांच्यातलं सरकारी नातं ठरलेलं असतं: एकाने हुकूम द्यायचा, दुसऱ्याने माणसं आणि बैलगाड्या पुरवायच्या. इथे नातं उलटं झालं. हुद्द्याने मोठा असलेला माणूस शिष्य झाला आणि पुढे 'नवेगावबांधचे दिवस' लिहिताना, इतर पुस्तकांतही, त्याने माधवरावांना नावानिशी, ज्ञानी म्हणून उभं केलं. त्यामागे मामाकडून रान शिकलेल्या मुलाची सवय आहे. ज्याला ठाऊक आहे तो वडीलधारा, मग त्याच्या अंगावर कोणते कपडे आहेत हे पाहायचं नाही.

भाषेचंही तेच. सोलापूरच्या पूर्व भागातल्या मुलाला एकाच वस्तूला चार नावं असतात हे शिकवावं लागत नाही, ते तो दुकानात आणि नळावर शिकतो. विदर्भाच्या रानात कानावर पडणारी गोंडी ही द्रविड कुळातली, तेलुगूची नातेवाईक. तीनला 'मुंद', चारला 'नालुंग' असं गोंडीत ऐकलं तर 'मूडु', 'नालुगु' म्हणत वाढलेला कान दचकत नाही. एवढ्यावरून त्यांना गोंडी सोपी गेली असं मी म्हणणार नाही, मेळघाटातल्या कोरकूचं तर कूळच वेगळं आहे. पण आपल्याला न कळणारी भाषा बोलणारा माणूस अडाणी असतो, हा नागरी समज ज्या गावात टिकूच शकत नाही त्या गावातून ते आले होते. त्यांच्या 'पक्षिकोशा'त याचं फळ दिसतं. २००२ साली आलेल्या या कोशात पक्ष्याचं ग्रंथातलं नाव तर आहेच, शिवाय जिल्ह्या-जिल्ह्यांत, जमाती-जमातींत त्याला काय म्हणतात, संस्कृतात आणि इतर भारतीय भाषांत त्याची ओळख काय आहे, हेही आहे. कोश करणं हे चिकाटीचं आणि बिनकौतुकाचं काम. निवृत्तीनंतर लोक नातवंडांत रमतात, यात्रा करतात. चितमपल्लींनी पक्ष्यांनंतर प्राणी आणि वृक्ष यांच्याही कोशांचं काम हाती घेतलं. तेराव्या शतकातला जैन ग्रंथकार हंसदेव याचं 'मृगपक्षिशास्त्र' मराठीत आणण्यातही त्यांचा हात आहे. गोंड नाकेदार आणि हंसदेव हे दोघेही त्यांच्या लेखी साक्षीदार होते आणि दोघांची साक्ष त्यांनी सारख्याच आदराने टिपली.

आता कुटुंबाबद्दल. वनखात्यातल्या माणसाच्या संसाराबद्दल आपल्याकडे फार थोडं लिहिलं गेलं आहे. बदलीच्या गावी रेंज क्वार्टर, जवळचा दवाखाना दहा कोसांवर, पावसाळ्यात रस्ता बंद, मुलांच्या शाळेचं वर्ष मध्येच तुटणार, घरचा माणूस दौऱ्यावर आणि रात्री कंदिलाच्या उजेडात घरची बाई एकटी. जंगलात राहिलेल्या प्रत्येक अधिकाऱ्याच्या नावामागे असं एक घर आहे आणि त्या घराने नोकरीची निम्मी किंमत चुकवलेली आहे. चितमपल्लींच्या एका सुरुवातीच्या पुस्तकाचं नाव 'पक्षी जाय दिगंतरा'. हे शब्द जनाबाईच्या अभंगातले आहेत. सोलापूर जिल्ह्यात पंढरपूर आहे, तेव्हा ते तिथल्या कानाला परके नाहीत. अभंगाचा आशय सगळ्यांना ठाऊक आहे: पाखरू दूरदेशी जातं ते पिलांसाठी चारा आणायला, घार आभाळात फिरते पण तिचं मन पिलांपाशी असतं. पक्ष्यांविषयीच्या पुस्तकाला नाव देताना या लेखकाने उंच भरारीची, स्वातंत्र्याची ओळ निवडली नाही, घरट्यासाठी केलेल्या भ्रमंतीची निवडली. पुढच्या एका पुस्तकाचं नावही 'घरट्यापलीकडे'. शीर्षकांवरून माणूस ताडणं धोक्याचं असतं हे मला मान्य आहे. पण आई-मामांची आठवण, सांगणाऱ्यांचा वडीलकीने केलेला उल्लेख आणि ही शीर्षकं एकत्र ठेवली तर त्यांच्या लेखी रान आणि घर ही दोन विरुद्ध टोकं नव्हती असंच म्हणावं लागतं.

यावर पहिला आक्षेप विदर्भाकडून येईल आणि तो रास्त आहे. सोलापूरने जन्म दिला असेल, पण चितमपल्लींना घडवलं ते नवेगाव-नागझिऱ्याने. 'रानवाटा', 'रातवा', 'जंगलाचं देणं', 'पाखरमाया' या पुस्तकांतली झाडं, पाणवठे आणि माणसं बहुतांश विदर्भातली आहेत आणि त्यांचं प्रदीर्घ वास्तव्यही नागपुरात झालं. हे सगळं खरं आहे. विदर्भाचा हक्क कुणी नाकारत नाही. पण त्या तीन दशकांत विदर्भाच्या जंगलांत अधिकारी शेकड्यांनी आले आणि गेले. तीच झाडं, तेच पाणवठे, तेच नाकेदार सगळ्यांच्या वाट्याला आले. जंगल एकटंच माणूस घडवत असतं तर त्या शेकड्यांतून निदान दहा-वीस चितमपल्ली निघायला हवे होते. फरक पडला तो जंगलात शिरताना बरोबर काय आणलं याने. वन्यजीवांवर लिहिणारे आधीही होते, हेही इथेच सांगायला हवं. दुर्गा भागवत १९७५ साली कराडच्या आणि व्यंकटेश माडगूळकर १९८३ साली अंबाजोगाईच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले, दोघांनीही रान आणि रानातली माणसं मराठीत आणली. माडगूळकरांचं 'नागझिरा' तर याच भूमीवरचं. पण ते दोघं अभ्यासक आणि लेखक म्हणून तिथे गेले आणि परतले. चितमपल्लींचा तो रोजचा कामाचा दिवस होता, हजेरीपट आणि दौऱ्याच्या डायरीसकट.

दुसरा आक्षेप शास्त्राच्या बाजूने येतो आणि तो जास्त वजनदार आहे. त्यांच्या लेखनात निरीक्षण, ऐकीव माहिती आणि लोकसमजूत यांची सरमिसळ आहे, असं अनेक अभ्यासकांना वाटतं. 'निळावंती' हे पुस्तकच पशुपक्ष्यांची भाषा कळण्याच्या दंतकथेभोवती फिरतं. कावळा घरटं कोणत्या फांदीवर, किती उंच बांधतो यावरून पावसाचा अंदाज, हे त्यांच्या नावावर दर मे महिन्यात वर्तमानपत्रांत छापून येत राहिलं. अशा अंदाजांना शास्त्रीय निष्कर्ष म्हणायचं असेल तर वर्षानुवर्षांच्या नोंदी ताडून पाहाव्या लागतील. तसं न करता ते सत्य म्हणून सांगणं चूक आहे आणि ज्या जिल्ह्यात पेरणीचा एक चुकलेला आठवडा कर्जात ढकलतो, तिथे तर ही चूक महागात पडते. इथे मी आक्षेप घेणाऱ्यांच्या बाजूने आहे. पण या आक्षेपाने माझं म्हणणं पुसलं जात नाही, उलट ते कोणत्या जातीचं ज्ञान आहे हे नीट ठरतं. घरातून आलेल्या ज्ञानात गुण आणि दोष एकत्रच येतात. त्यात अनेक पिढ्यांनी डोळ्यांनी पाहिलेलं असतं आणि कधीच न तपासलेलंही असतं. चितमपल्लींनी दोन्ही टिपलं. पाखडण्याचं काम पुढच्यांचं आहे. आधी टिपलंच नसतं तर तपासायला काय उरलं असतं? त्यांच्या नोंदींतले कितीतरी सांगणारे लोक आता हयात नाहीत आणि त्यांची मुलं शहरांत कामाला गेली आहेत.

तिसरा आक्षेप राजकीय आहे. १९७२ च्या कायद्याखाली राष्ट्रीय उद्यान झालं की तिथे गुरं चारता येत नाहीत, मोह वेचायलाही मज्जाव होतो. ज्या गोंडांनी, ढिवरांनी अधिकाऱ्याला पक्ष्यांची नावं सांगितली, त्यांच्याच वाटा त्या अधिकाऱ्याच्या खात्याने बंद केल्या. वनहक्क कायदा यायला २००६ साल उजाडलं, तोवर चितमपल्लींना निवृत्त होऊन सोळा वर्षं झाली होती. त्यांच्या पुस्तकांत या अन्यायाविरुद्ध जळजळीत लेखन सापडत नाही, तो त्यांचा पिंडच नव्हता, आणि ही उणीव मी लपवू इच्छित नाही. तरीही एक फरक केला पाहिजे. खात्याच्या कागदावर वनवासी माणूस बहुधा एकाच रूपात येतो: अतिक्रमण करणारा, चोरटी तोड करणारा, पंचनाम्यातला आरोपी. चितमपल्लींच्या पानांवर तोच माणूस जाणकार म्हणून येतो, आपल्या नावाने, आपल्या शब्दांनी. वनहक्काच्या दाव्यात गावाचं जंगलाशी जुनं नातं सिद्ध करावं लागतं. त्या नात्याची एवढी तपशीलवार साक्ष खात्याच्याच एका निवृत्त अधिकाऱ्याने लिहून ठेवली आहे, याचं महत्त्व दाव्यांची कामं करणाऱ्यांनी अजून पुरतं ओळखलेलं नाही असं मला वाटतं.

जानेवारी २००६ मध्ये ७९ वं अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन सोलापुरातच झालं आणि अध्यक्ष होते चितमपल्ली. आदल्याच वर्षी त्यांचं आत्मकथन, 'चकवाचांदण', प्रसिद्ध झालं होतं. तेलुगू घरातला, सरकारी वनअधिकारी असलेला माणूस मराठीच्या सर्वोच्च व्यासपीठावर, स्वतःच्या जन्मगावात. त्या वेळी वर्तमानपत्रांनी त्यांच्या अरण्यवासाचं कौतुक केलं. सोलापूरच्या बहुभाषिक वस्तीने मराठीला काय दिलं, हा प्रश्न मात्र मागे राहिला. उतारवयात ते नागपूर सोडून पुन्हा सोलापूरला, आपल्या माणसांत आले आणि शेवट तिथेच झाला. ऋषीच्या चित्रात हे परतणं कुठे बसवावं कळत नाही. घरातून निघालेल्या माणसाच्या हकिकतीत ते अगदी सरळ बसतं.

महाराष्ट्र शासनाने ५ ते १२ नोव्हेंबर हा पक्षी सप्ताह ठरवला आहे. त्याची सुरुवात चितमपल्लींच्या जन्मदिवसाने होते आणि शेवट सालिम अलींच्या. त्या आठवड्यात शाळांतली मुलं दुर्बिणी घेऊन तलावावर जातात, पुस्तकातल्या चित्राशी पक्षी ताडून पाहतात, यादी करतात. हे सालिम अलींच्या वाटेचं काम आहे आणि ते व्हायलाच हवं. सोलापूरच्या शाळांनी त्याला आणखी एक काम जोडावं. प्रत्येक मुलाने घरी जाऊन आजीला, मामाला, गल्लीतल्या म्हाताऱ्या विणकराला विचारावं की या पाखराला तुमच्याकडे काय म्हणतात, ते कधी येतं, कुठे बसतं. मिळेल ते उत्तर तेलुगूत असो, कन्नडात असो, दखनीत किंवा माणदेशी मराठीत असो, सांगणाऱ्याच्या नावासह वहीत उतरवावं. पाच-सात वर्षांच्या अशा वह्या गोळा झाल्या तर 'पक्षिकोशा'च्या पुढच्या आवृत्तीला सोलापूरचा स्वतंत्र भाग जोडता येईल.